हे कुणी भरलं?

कारखानीस डॉक्टरांनी नौपाड्यातला दवाखाना बंद केला
त्याला आता सव्वा वर्ष झालं.
शेवटच्या दिवशी त्यांनी आमची कार्डं परत दिली,
रबर लावून, पत्त्यांच्या कॅटासारखी.
"ऐरोलीत चांगले डॉक्टर असतील की," म्हणाले
आणि खुर्चीचं पेडल उगाच एकदा दाबून पाहिलं.

असतील की.
आमच्या सेक्टरातच मोजले तर अकरा.
पहिल्याकडे काच इतकी, की आत शिरताना मी कपाळ आपटलं.
काउंटरवरची मुलगी म्हणाली, मॅम, फॅमिली पॅकेज आहे,
तीन तोंडांवर चौथं फ्री.
डॉक्टरांनी तन्मयीच्या तोंडात कॅमेरा घातला.
भिंतीवरच्या टीव्हीत तिची दाढ
डोंगराएवढी, काळी, गुहा असलेली.
ती रडायला लागली.
दाढ दुधाची होती.
एस्टिमेट चौऱ्याऐंशी हजार.
डॉक्टर हसले, तेव्हा सगळे दात सारखे,
एकाच कारखान्यातून आल्यासारखे.
आमच्या कारखानिसांचे पुढचे दोन
एकमेकांवर चढलेले होते.

दुसरा वाशीचा, वहिनीच्या ऑफिसातल्या कुणाचा तरी भाऊ.
त्याने शालनआत्याची कवळी चिमटीत धरली,
पाल धरावी तशी.
"ही कुठल्या जमान्यातली?"
आत्याने कवळी परत घेतली, तिथेच बेसिनवर धुतली,
घातली,
आणि मग अगदी स्पष्ट उच्चारात मला म्हणाली, "चल."

तोवर मकरंदची उजवी दाढ ठणकत होती.
लवंग धरायचा, डाव्या बाजूने जेवायचा,
विचारलं की म्हणायचा, काही नाही गं.
काही नाही, हे त्याचं वर्षभराचं उत्तर.

मढवी डॉक्टरचं नाव मासेवालीने सांगितलं.
"माजी दाढ तिनंच काढली, कललाच नाय,"
म्हणत तिने गाल ओढून रिकामी जागा दाखवली,
खवले चिकटलेल्या बोटाने.

दिवा गाव, खाडीच्या अंगाला.
खाली दवाखाना, वर घर, गच्चीवर वाळत टाकलेलं जाळं.
चपला बाहेर काढायच्या.
खुर्ची एकच, हाताशी रेक्झिन उसवलेली,
पण हत्यारांची पाकिटं आमच्यासमोर फोडली.
हर्षाली मढवी. फार तर बत्तिशीची असेल.
माझ्या तोंडात आरसा फिरवता फिरवता थांबली.
"हे कुणी भरलं?"
उघड्या तोंडाने काय सांगणार? आँ, म्हटलं.
"हात छान आहे. मी याला हात लावणार नाही."
खाली डावीकडे, मागून दुसरी,
तन्मयी पोटात होती तेव्हाची.
परक्या गावात कुणी ओळखीचं भेटावं तसं झालं,
स्वतःच्याच तोंडात.

मग मकरंद. दातखीळ बसल्यासारखा बसला.
ठणकणारी दाढ तिने नंतर पाहिली,
आधी सगळ्याच दातांवरून बोट फिरवलं.
"रात्री दात खाता का हो?"
तो गप्प.
तिने माझ्याकडे पाहिलं नाही, ते बरं केलं.
मला ऐकू येतं ते. तीनच्या सुमाराला,
कुणी रिकामं जातं ओढावं तसं.
ऐकते
आणि कूस बदलते.
"सपाट झालेत," ती म्हणाली. "अलीकडचं दिसतंय हे."

परतताना खाडीवरून वारा सुटला होता.
आत्या पुढे. तन्मयी हलणारा दात जिभेने ढकलत.
मकरंदचा अर्धा जबडा बधिर, ओठ एका बाजूला लोंबलेला,
आणि नेमका नाल्यावरच्या पुलाशी
तो बोलायला लागला.
'पगार'मधला प त्याला जमेना.
मग 'मार्चपासून'.
मग 'बंद', त्यातला ब हनुवटीवर सांडला.
मी रुमालाने पुसला.
सावकाश सांग, म्हटलं,
दोन तास तरी उतरणार नाही, म्हणालीय ती.